डबलसीट गोवा

मोटरसायकलवाल्यांच्या सहलीत सगळ्यात जास्त मागणी कुणाला असते, तर ज्याला मोटरसायकल चालवता येत नाही त्याला. त्याच्याकडे गाडी नसते म्हणून मत नसतं, आणि मत नसतं म्हणून प्रत्येकाला तो आपल्याच मागे बसायला हवा असतो. गणपती उठल्यावर पुण्याहून गोव्याला निघालेल्या चार गाड्यांवर मी असा पाळीपाळीने डबलसीट बसलो. ज्या गाडीवर बसेन ती त्या टप्प्यापुरती जगातली एकमेव गाडी. पुढच्या हेल्मेटमधून आलेलं निम्मं बोलणं वाऱ्यावर जातं. उरलेल्या निम्म्याला ‘अगदी बरोबर’ म्हणत राहायचं.

माणसांची नावं सांगत बसत नाही. माझ्या फोनमध्येही ती गाड्यांच्याच नावाने आहेत. बुलेट हे वकील. येझदी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांना वकीलही ‘काका’च म्हणतात, फक्त चिडले की ‘अहो येझदी’. स्प्लेंडर हे सासवडकडच्या एका शाळेतले सर. आणि ड्यूक हा माझा भाचा, आठवड्याचे पाच दिवस हिंजवडीत आणि दोन दिवस कुठल्या तरी घाटात. चौघांचा एकमेकांवर जीव आहे. एकमेकांच्या गाडीला मात्र कुणी गाडी म्हणत नाही. वकिलांच्या लेखी येझदी हे ‘धुराडं’, स्प्लेंडर ही ‘सायकल’ आणि ड्यूक ‘ते खेळणं’. बुलेटला बाकीचे तिघं एकमताने ट्रॅक्टर म्हणतात. या सहलीत झालेलं तेवढंच एकमत.

कात्रजचा बोगदा ओलांडून हायवेला लागलो तेव्हा मी बुलेटवर होतो. सीट ऐसपैस, मागे टेकायला बॅग, पुढे वकिलांची रुंद पाठ. वारा लागायचा प्रश्नच नाही. वकिलांची ही गाडी अगदी अलीकडची आहे, बटन दाबलं की सुरू होते, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली आहे. “हादरे जाणवतायत का?” त्यांनी मान वळवून विचारलं. मी कौतुकाने ‘अजिबात नाही’ म्हणालो आणि शिरवळपर्यंत ते गप्प झाले.

नंतर कळलं. वडिलांची जुनी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट अजून वाड्यात उभी आहे आणि खरी बुलेट तीच. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. किक मारायची म्हणजे एक विधीच. आधी किक हळूहळू दाबत इंजिनाचं कॉम्प्रेशन शोधायचं, डीकॉम्प्रेशनचा छोटा लिव्हर ओढायचा, टाकीपुढच्या ॲमीटरचा काटा मधोमध आला की लिव्हर सोडायचा आणि मग अंगातलं सगळं बळ एका पायात आणून किक. चुकलं, तर किक उलटी येते आणि घोट्याचा निकाल लावते. वकिलांच्या वडिलांचा उजवा घोटा दोनदा प्लास्टरमध्ये गेला होता. हे सांगताना वकिलांचा आवाज असा भरून आला की एखाद्याला वाटावं, वडील लढाईत जखमी झाले होते. “गाडी अशी असावी,” ते म्हणाले, “कुणीही उचलून चालवली, असं नको.”

या पंथात केवढी पोटभेदांची रांग आहे, ते तेव्हा समजलं. कास्ट आयर्नवाले पुढच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनाला मानत नाहीत. ते इंजिनवाले आताच्या इंजिनाला मानत नाहीत. आणि या सगळ्यांना मिळून हिमालयनवाले मानत नाहीत, कारण ते लडाखला जाऊन आलेले असतात. दुसऱ्या कंपनीची गाडी वकिलांना नुसती हसण्यावारी न्यायची असते. खरं वैर आपल्याच कंपनीच्या मागच्या-पुढच्या मॉडेलशी.

वकिलांना इतिहासही तोंडपाठ. सैन्यासाठी बुलेट हवी होती, म्हणून 1955 साली मद्रासला जुळणी सुरू झाली. पुढे इंग्लंडमधला रेडिचचा मूळ कारखाना मिटला, मद्रासचा चालूच राहिला, आणि 1977 पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडलाच जायला लागली. “साहेबालाच विकली!” वकील दर वेळी हे वाक्य असं म्हणतात, जणू ती वसुली त्यांनी स्वतः केली.

खंबाटकीचा चढ लागला. डाव्या बाजूने एक नारिंगी रेघ सुंकन गेली. तो माझा भाचा. घाटमाथ्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा तो टपरीवर पाय पसरून बसला होता. “मामा, माझा एक झाला, दुसरा सांगितलाय.” मग वकिलांकडे बघत त्याने ‘हाथी मत पालो’ची सुरावट गुणगुणायला घेतली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: 2017 साली बजाजने डॉमिनार या गाडीच्या जाहिराती काढल्या. त्यांत हेल्मेट-जॅकेटवाले गंभीर गडी हत्तींवर बसून सहलीला निघालेले दाखवले होते. हत्ती चढावर दमतात, थांबता थांबत नाहीत, आणि शेजारून डॉमिनार निघून जाते. बुलेटचं नाव कुठेही घेतलेलं नव्हतं. वकिलांनी ती जाहिरात जितक्या वेळा पाहिली तितक्या वेळा ती बनवणाऱ्यांनीही पाहिली नसेल.

“नाव घेतलं असतं ना, तर कोर्टात खेचलं असतं,” वकील म्हणाले.

“पण नावच घेतलं नव्हतं ना वकीलकाका? मग तुम्हाला कशाला लागलं?” भाच्याने विचारलं.

एवढ्या वर्षांच्या वकिलीत उलटतपासणीत त्यांना असं कुणी अडकवलं नसेल. त्यांनी चहा अर्धा टाकला आणि हेल्मेट चढवलं.

साताऱ्यापासून मी येझदीवर. 1983 ची रोडकिंग, रंग काळा, टाकीवर काकांच्या हाताने झालेली झिलई, आणि दोन्ही बाजूंना एकेक असे दोन सायलेन्सर. टू-स्ट्रोक गाडीमागे बसणाऱ्याला त्या ऑइलच्या वासाची सवय असावी लागते. काकांना तो वास ऊद-धूपासारखा चालतो. अंगावरच्या जॅकेटला कायमचा लागलेला आहे आणि घरी काकूंनी ते जॅकेट गॅलरीबाहेर हद्दपार केलं आहे. सुरू करायची तऱ्हा वेगळी: गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवायचा, की तोच किकचा दांडा होतो. काकांनी या गाडीला आयुष्यात कुलूप लावलेलं नाही. “चोर आला होता की एकदा. अर्धा तास किक शोधत बसला. शेवटी शेजारची नेली.” शेजारी कुणाची होती? “आमच्या मेव्हण्याची. स्कूटर.” त्यात काकांना वाईट वाटण्यासारखं काही आढळलं नव्हतं.

येझदी घेऊन चहाला थांबायचं म्हणजे वेळ हातात ठेवूनच थांबायचं. उंब्रजजवळ गाडी स्टँडला लावून होते न होते, तोच उसाच्या ट्रॉलीवरून एक म्हातारबा उतरले, टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “आमच्याकडं होती.” कऱ्हाडच्या पंपावर पोऱ्या म्हणाला, “आमच्या आज्जाकडं होती.” पेठ नाक्याला चांगल्या चारचाकीतून एक गृहस्थ उतरून आले, “आमच्याकडे होती,” आणि जोडून, “द्यायची आहे का?” म्हैसूरच्या कारखान्यातून 1961 ते 1996 या काळात जितक्या जावा-येझदी बाहेर पडल्या असतील, त्याच्या निदान पाचपट घरांत त्या होत्या, असं माझं या रस्त्यावरचं निरीक्षण आहे.

नव्या येझदीचं नाव मात्र काकांपुढे काढायचं नाही. 2018 मध्ये जावा परत आली, 2022 मध्ये येझदी. पण फोर-स्ट्रोक होऊन. जुलैचा दुसरा रविवार जगभर जावावाले साजरा करतात. त्या दिवशी पुण्यातही जुन्या गाड्या रांगेने निघतात. मागे एकदा त्या रांगेत एक कोरी करकरीत येझदी शिरली. पोराने हौसेने काकांशेजारी उभी केली. काका म्हणाले, “छान आहे हो. कुठली?” पोरगं टाकीवरचं नाव दाखवत राहिलं आणि काका चष्मा पुसत राहिले. बुलेटवाल्यांवर काकांचा राग नाही. “ते परके. परक्यावर काय रागवायचं?”

कोल्हापूरला पोचेपर्यंत माझ्या ध्यानात आलं होतं, की हे सगळं गायकीच्या घराण्यांचं चाललं आहे. अल्लादिया खाँसाहेब ज्या दरबारात गायले त्या गावात हे सुचावं, यात नवल नाही. मूळ पुरुष परदेशी हवा, गंडा त्याच्याकडूनच बांधलेला हवा. मग रियाज कुठेही होवो. बुलेट इंग्लंडची, वाढली मद्रासच्या तिरुवोट्टियूरला. येझदी मूळ झेक, कारखाना म्हैसूरचा, मालक इराणी. ड्यूकची कंपनी ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनची, गाडी बांधली जाते आपल्या चाकणला. भाचा ‘ऑस्ट्रियन इंजिनिअरिंग’ म्हणतो तेव्हा चाकणची वडापावची टपरी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आणि दुसऱ्या घराण्याचा विषय निघाला की तेच नाक मुरडणं: आवाज आहे, पण दम नाही, तान आहे, पण सूर नाही.

काकांना क्लच वायर बदलायची होती, म्हणून उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. आत एक बुलेट आतडी बाहेर काढून पडलेली, कोपऱ्यात दोन आरएक्स हंड्रेड. मिस्त्रींचं वय सत्तरीच्या पुढचं. वायर ओवता ओवता त्यांनी चारी गाड्यांवरून एकदा नजर फिरवली. वकिलांनी संधी साधली. “मिस्त्री, तुम्ही सांगा. सगळ्यात चांगली कुठली?”

“गाडी कुठलीबी वाईट नसतीया सायेब. मालक ऑइल बघत न्हाई, चेन बघत न्हाई, आन नाव कंपनीचं.”

“तरी पण?”

“तरी पण काय?”

“तुम्ही स्वतः कुठली वापरता?”

मिस्त्रींनी पान्याने दाराबाहेर खूण केली. भिंतीला टेकून एक बजाज एम-एटी उभी होती. पत्रा सरकारी हिरव्या रंगाचा, घरच्या ब्रशने मारलेला, मागे दुधाचे कॅन अडकवायचे हुक तसेच. “दिवसभर लोकांच्या खोलायच्या,” मिस्त्री म्हणाले, “घरला जाताना तरी न खोलायची पायजे.”

बाहेर आल्यावर वकील म्हणाले, “बघा, आत कुणाची होती? बुलेट. माणसं जीव लावून दुरुस्त करून घेतात.” काका म्हणाले, “त्यांनी आपल्या गाडीला पहिला हात लावला, लक्षात आलं का?” भाचा म्हणाला, “बजाज म्हणजे शेवटी आमच्याच घरातलं, मामा.” सर काहीच म्हणाले नाहीत. सर कधीच काही म्हणत नाहीत, आणि हीच त्या गाडीची मोठी अडचण आहे.

कोल्हापूर ते आजरा या टप्प्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, कारण मी ड्यूकवर होतो आणि माझे डोळे मिटलेले होते. मागची सीट हाताच्या पंजाएवढी, तीही पुढच्या सीटच्या वर; तिथे माणूस बसत नाही, ठेवला जातो. भाचा सांगत होता की ही तीनशे नव्वद आहे, दोनशेवाल्यांशी आपली तुलना करू नका. मी कुणाशीच तुलना केली नव्हती. मी नवस बोलत होतो.

आजऱ्याला उतरलो, गुडघे जागेवर आहेत का ते पाहिलं आणि सरांच्या मागे जाऊन बसलो. काय सुख! पाय जमिनीला टेकतात, सीट सपाट, आणि गाडीला कसली महत्त्वाकांक्षा नाही. आजवरच्या सगळ्या टप्प्यांत ज्याने गाडीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, असा हा एकच माणूस. मीच विषय काढला.

“सर, कशी आहे गाडी?”

“चांगली आहे.”

“काही त्रास?”

“नाही.”

“ॲव्हरेज?”

“सत्तर देते.”

संभाषण संपलं. स्प्लेंडरबद्दल जगात बोलण्यासारखं एवढंच आहे. 1985 ची सीडी हंड्रेड, तिच्यातून 1994 ची स्प्लेंडर, तेच सत्त्याण्णव सीसीचं इंजिन, आणि ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ ही त्या काळी घराघरांत पोचलेली जाहिरात. रस्त्यात बुलेटवाला बुलेटवाल्याला हात करतो, येझदीवाला येझदीवाल्यासाठी थांबतो. स्प्लेंडरवाल्याने समोरच्या प्रत्येक स्प्लेंडरला हात करायचं ठरवलं, तर गाव येईपर्यंत त्याचा हात हँडलवर परत यायचा नाही. जी रुसत नाही, अडत नाही, घोटा मोडत नाही, तिच्यावर पोवाडा काय रचणार? मुक्कामावर बाकीचे तिघं आपापल्या गाडीने कुठे, कशा पावसात, किती रात्रीपर्यंत रडवलं ते रंगवून सांगत, तेव्हा सर शेंगा सोलत बसायचे.

आजरा मागे पडलं. रस्ता दोन्ही बाजूंनी झाडीत शिरला, धुकं उतरलं, आंबोलीकडचा तो बारीक पाऊस सुरू झाला, आणि स्प्लेंडरने दोन आचके दिले. सरांनी थ्रॉटल पिळला. तिसरा आचका. मग नुसता चेनचा आवाज, आणि शांतता.

“सर?”

“थांबा,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. भीती नव्हती, नवल होतं.

पुढचे तिघं वळून आले. वकिलांनी वाकून टाकीखाली पाहिलं आणि निकाल दिला. पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर होता. मागे केव्हा तरी गाडी रिझर्व्हला लागली असणार, सरांनी पेट्रोल भरलं असणार आणि कॉक परत फिरवायला विसरले असणार. मग रिझर्व्हला लागल्याचा इशारा मिळणार कुठून? टाकी तळापर्यंत कोरडी. जाहिरातीतले तिन्ही हुकूम सरांनी तंतोतंत पाळले होते, विशेषतः तिसरा.

आता पेट्रोल कोण देणार? भाच्याने उदारपणे ड्यूकची टाकी थोपटली, पण नव्या इंजेक्शनवाल्या गाड्यांना खाली कॉक नाही. पंप टाकीच्या आत. वकिलांची बुलेटही तसलीच. ‘खरी बुलेट असती तर’ असं ते पुटपुटले. सगळ्यांच्या नजरा येझदीकडे वळल्या. काकांनी घाई केली नाही. आधी हातमोजे काढले, नीट घडी केली, खिशात ठेवले. मग टाकीखालची नळी ओढली, पाण्याची बाटली लावली आणि कॉक उघडला. हिरवट, तेलकट पेट्रोल बाटलीत उतरू लागलं.

“काका, पण यात ऑइल कालवलेलं आहे,” सर म्हणाले.

“तब्येत सुधारेल,” काका म्हणाले.

दुसऱ्या बाटलीचं तोंड कापून फनेल केलं. सरांनी चोक ओढला आणि किक मारली. चौथ्या किकला गाडी सुरू झाली आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला. थोडाच, पण निघाला. वासही आला. काका डोळे मिटून उभे राहिले. “आत्ता कुठे गाडीसारखी वाटते,” ते म्हणाले. वकिलांनी मोबाइलवर फोटो काढला. सर धुराकडे पाहत होते. चार महिन्यांच्या मुलाने पहिल्यांदा कूस बदलली की बाप पाहतो, तसे.

आंबोलीचा घाट उतरताना मी पुन्हा काकांच्या मागे होतो. उतारावर सगळे थ्रॉटल बंद करून सुखाने चालले होते. काका मात्र मधूनमधून थ्रॉटल पिळत होते. पेट्रोलबरोबर ऑइल जाणार. थ्रॉटल बंद ठेवला तर पिस्टनला ऑइल मिळणार कुठून, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे धबधब्यापाशी कणसं खाणारी सगळी गर्दी आमच्याकडे वळून पाहत होती. सावंतवाडीच्या पंपावर सरांनी टाकी भरली आणि काकांचं पेट्रोल परत द्यायचा प्रस्ताव मांडला. काकांनी तो फेटाळला. बिनऑइलचं पेट्रोल त्यांच्या टाकीत गेलेलं नाही आणि जाणार नाही.

म्हापशाला बाजारापाशी पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलींची रांग उभी होती. गोव्याचे पायलट, म्हणजे मोटरसायकलवरची टॅक्सी. वकिलांनी रांग न्याहाळली. बहुतेक गाड्या शंभर-सव्वाशे सीसीच्या. बुलेट एकही नाही. एका पायलटला त्यांनी कारण विचारलं. तो म्हणाला, “बुलेटीर पाटल्यान बसपी गिराइक गजाली करता. म्हाका दुसरो पासिंजर जाय.” वकिलांनी हा पुरावा नोंदीवर घेतला नाही. सर मात्र त्या रांगेपाशी बराच वेळ रेंगाळले.

रात्री हणजुण्याला जेवणं झाली. नेहमीप्रमाणे वकील जुन्या बुलेटवर आले, घोटा दोनदा मोडून झाला, काकांनी चोराची गोष्ट सांगितली. मग एकदम सर बोलायला लागले.

“आमची आज आंबोलीच्या रानात बंद पडली ना,” सर म्हणाले, “धुकं असं, की हात दिसत नाही.” हात दिसत होता. “पाऊस असा, की…” पाऊस तसा नव्हता. तासाभरात शेजारच्या टेबलावरच्या कोल्हापूरकरांनाही ती गोष्ट ऐकवून झाली. दुसऱ्या खेपेला चौथ्या किकची चौदावी किक झाली आणि निळसर धुराचे लोट झाले.

वकिलांना हे सहन होईना. “सर, एक मिनिट. पेट्रोल संपणं म्हणजे गाडी बंद पडणं नव्हे.”

“का नव्हे? इंजिन थांबलं, गाडी थांबली, आम्ही खाली उतरलो.”

“ती तुमची चूक झाली. गाडीची नाही. बंद पडणं म्हणजे गाडीने स्वतः होऊन बंद पडायला हवं.”

“तुमच्या वडिलांचा घोटा मोडला ती कुणाची चूक होती?” सरांनी विचारलं. एवढ्या वर्षांत इतक्या चढ्या आवाजात ते कधी बोलले नव्हते.

“आणि सुरू कुणाच्या पेट्रोलवर झाली, तेही येऊ द्या की गोष्टीत,” काका म्हणाले.

सकाळी परत निघताना सरांनी पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली. मी मागे बसता बसता सहज खाली पाहिलं.

“सर, कॉक रिझर्व्हवरच राहिलाय.”

“राहू दे,” सर म्हणाले आणि किक मारली.